सोळाशे मीटरवरचं वळण

१

वाकडेमास्तर गेले, आणि चौथ्याच दिवशी कंपनीने ठरवून टाकलं की चूक वाकडेमास्तरांचीच.

हे नाव त्यांना तेलविहीर खोदणाऱ्या रिगवरच्या लोकांनी प्रेमाने ठेवलं होतं. माणूस काठीसारखा सरळ, पण विहिरी वाकड्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जमिनीत उभी तेलविहीर खोदणारे पुष्कळ मिळतात. पाचशे मीटर खाली जायचं, तिथून हळूहळू वळत, तिरपं धावत, दूरच्या एका खडकाला नेमकं बोट लावायचं, तर त्याला वळवणारा माणूस लागतो. वाकडेमास्तर तो माणूस होते.

भर दुपारी विहिरीतून ड्रिल पाइप बाहेर काढणं चालू होतं. पाइप अडत होता, म्हणून तो फिरवत फिरवत ओढत होते. खाली कुठेतरी तो तुटला. टनावारी ताण एका क्षणात सुटला आणि वरचा पाइप उसळला. शेजारी वाकडेमास्तर उभे होते. त्यांना हलायलाही वेळ मिळाला नाही.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. पाचशे मीटरखालचं पहिलं वळण मास्तरांनी फार आखूड घेतलं. वाकलेल्या जागी पाइप दिवसच्या दिवस फिरत राहिला. तार वाकवून वाकवून तोडतात तसा तो थकला आणि तुटला. वाईट झालं, पण करणी त्यांचीच.

चौकशीला सरकारी सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाई आल्या. उंच, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर न काढणाऱ्या. खात्यात त्यांना मागून सगळे फूटपट्टी म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

फाटकाशीच एका बाईने त्यांची गाडी अडवली. अंगात बस कंडक्टरचा खाकी शर्ट, आणि भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचेल असा आवाज.

"तुम्हीच ना चौकशीवाल्या? मी त्याची थोरली बहीण. एकच विचारते. माझ्या भावाला मारलं ते मारलं, वर त्यालाच गुन्हेगार ठरवताय? मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून?"

"अजून मी काहीच ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"त्यांनी ठरवलंय. आत जा, चहा पाजतील आणि तुमच्याकडूनही वदवून घेतील."

२

चहा खरंच आला. मॅनेजरच्या केबिनमध्ये, बशीत बिस्किटांसह.

मॅनेजर जाडजूड, घामाघूम झालेला गृहस्थ होता. सारी उमर उभ्या विहिरी खोदण्यात गेलेली, बढती मिळून या रिगवर आला होता. "मॅडम, वळणाबिळणातलं मला विचारू नका," तो आधीच हात वर करून म्हणाला. "ते गुरुजी सांगतील."

गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. पांढरे केस, मऊ आवाज, गळ्यात सोनेरी साखळीचा चष्मा. विहिरीची वाट नकाशावर आखणारे ते. पूर्वी स्वतः विहिरी वळवायचे, आणि वाकडेमास्तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"पोटच्या पोरासारखा होता," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. "हात चांगला होता, पण घाई नडली. आम्ही दर तीस मीटरला विहिरीची दिशा मोजतो. एका मापापासून दुसऱ्या मापापर्यंत दिशा किती अंश फिरली, तो झाला वळणाचा आकडा. धंद्यात त्याला डॉगलेग म्हणतात. कुत्र्याच्या मागच्या पायासारखं मुडपलेलं वळण. तीस मीटरला तीन अंशांपर्यंत चालतं."

"आणि मास्तरांच्या पहिल्या वळणाचा आकडा?"

"दोन पूर्णांक आठ."

"म्हणजे मर्यादेतच."

गुरुजी खिन्न हसले. "कागदावर. पण हा हिशेब दोन टोकांचा असतो, बाई. मधे काय झालं ते त्याला कळत नाही. दहा मीटरांत सगळं वळण उरकलं आणि उरलेले वीस मीटर सरळ नेले, तरी आकडा तोच येतो. पोराने तसंच केलं असणार."

हे बोलणं चोख होतं. गणितात खोट नव्हती. बाईंना मात्र एक गोष्ट खटकली. शिष्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि त्याची चूक सांगताना गुरुजींचा आवाज एकदाही अडला नाही.

"तुटल्यावर वर किती पाइप आला?" त्यांनी मॅनेजरला सहज विचारलं.

"सोळाशे साठ मीटर."

बाईंच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला.

३

त्या तडक आवारात गेल्या. बाहेर काढलेले पाइप लोखंडी घोड्यांवर ओळीने मांडले होते. शेवटच्या पाइपाचं तुटकं टोक ड्रिलरने स्वतः फडक्याने पुसून दाखवलं. यंत्राच्या ब्रेकवर उभा राहणारा, राकट, कमी बोलणारा माणूस.

तुटीची कड गुळगुळीत होती, शिंपल्यासारख्या बारीक रेघांची. फक्त एका बाजूला ताजी, खरखरीत फाट.

"म्हणजे बरेच दिवस चीर वाढत होती," बाई म्हणाल्या. "आणि वाढली कुठे? वाकलेल्या जागी. बरोबर?"

"बरोबर."

"मास्तरांचं वळण नऊशे मीटरला संपतं. त्या वळणात पाइप तुटला असता, तर फार तर नऊशे मीटर पाइप वर आला असता. इथे सोळाशे साठ आलाय. पाइप तुटला तेव्हा ते टोक मास्तरांच्या वळणाच्या कितीतरी खाली होतं."

ड्रिलरने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "हे मी मॅनेजरसाहेबांना त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, तू ब्रेक सांभाळ."

"सोळाशेच्या आसपास पाइप पूर्वी कधी अडला होता?"

"पंधरवड्यापासून. वर काढताना दर वेळी तिथेच. गचका बसायचा, उंबऱ्याला ठेच लागावी तसा. मास्तर रजेवरून आले, एकदा पाइप काढताना बघितलं आणि पिसाळलेच. म्हणाले, अरे, इथे विहीर सरळ आहे, मग अडतोय कशाला? साहेबांना सांगितलं, काम थांबवा. कोणी ऐकेना. तेव्हा म्हणाले, मी स्वतः पाइपाला हात लावून बघतो कुठे अडतो ते. म्हणून उभे होते तिथे."

त्याने फडकं जमिनीवर आपटलं. "थट्टेने म्हणायचे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, पण माझी नळीच वाकडी. असा माणूस, बाई. आणि त्याला हे घाईगर्दीचा म्हणतात!"

बाई मोजणीच्या केबिनकडे वळल्या. तिथल्या पडद्यावर विहिरीची मापं होती. सोळाशे मीटरपाशी वळणाचा आकडा जवळजवळ शून्य. विहीर तिथे ताणलेल्या दोरीसारखी सरळ दाखवली होती.

फक्त पंधराशे नव्वदनंतरचं माप थेट सोळाशे ऐंशीला होतं. मधली दोन मापं नव्हतीच.

४

"बॅटरी गेली होती," मोजणीवाली म्हणाली.

तिशीची, हुशार, पण नखं कुरतडून लाल केलेली. विहिरीच्या तळाशी, खडक कापणाऱ्या बिटच्या मागे बसवलेलं मोजणीयंत्र तिच्या ताब्यात असे.

"नेमकी त्या नव्वद मीटरांपुरती?"

"हो. म्हणजे… मग परत आली."

"गेलेली बॅटरी जमिनीखाली दीड किलोमीटरवर आपोआप परत येते? मला ती कंपनी सांगा, घरच्या टॉर्चसाठी घेते."

मोजणीवाली हसली नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

"ती मापं गेली ते दोन दिवस विहीर वळवणाऱ्या खुर्चीवर कोण होतं?"

"मला नोकरी टिकवायची आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "घरात मी एकटीच कमावते."

मॅनेजरला विचारलं तर तो खेकसला. "यंत्रं आहेत मॅडम, बिघडतात! बॅटरी! सांगितलं ना तिने!" ड्रिलरला त्या दोन दिवसांचे हुकूम मायक्रोफोनवरून मॅनेजरच्याच आवाजात मिळाले होते. पाइप फिरवू नको, नुसता पुढे ढकल. विहिरीला वळण देताना तसंच करतात. पण सरळ जागी वळण कशाला, हे त्याने विचारलं नाही. विचारण्याची सोयच नव्हती.

शेवटी बाई गुरुजींकडे गेल्या. ते नकाशावर दुसऱ्या विहिरीची वाट आखत होते. पुढच्या महिन्यात तीही सुरू व्हायची होती.

"ती दोन मापं होय?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "मीच काढून टाकायला सांगितली. शेजारी लोखंड असलं की कंपास भरकटतो. खोटी दिशा हिशेबात घेण्यापेक्षा ती नसलेली बरी. कोणत्याही जाणत्या माणसाने हेच केलं असतं."

"अर्थातच," बाई म्हणाल्या. आभार मानून त्या बाहेर आल्या आणि पायऱ्यांवरच थबकल्या.

जमिनीखाली दीड किलोमीटरवर, अखंड खडकात, लोखंड आलं कुठून?

५

संध्याकाळपर्यंत बाईंनी दोन गोष्टी केल्या. खात्यातल्या जुन्या माणसाला फोन लावून विचारलं, की या भागात पूर्वी कोणी खोदलं होतं का. आणि शहरातून जायरो मागवला. हे मोजणीयंत्र कंपासवर चालत नाही, भोवऱ्यासारख्या फिरत्या चाकावर चालतं. लोखंड कितीही असो, ते भुलत नाही.

मॅनेजरने आकाशपाताळ एक केलं. विहीर बंद आहे, खर्च होईल, वरून परवानगी हवी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परवानगी मागत नाहीये मी. कळवतेय."

दुसऱ्या सकाळी तारेला बांधलेला जायरो विहिरीत उतरला. पडद्यासमोर बाई, मोजणीवाली आणि दारात ड्रिलर. फाटकावरून बहिणीलाही बाईंनी आत बोलावून घेतलं होतं. मॅनेजर तोंड उघडणार होता, पण तिच्याकडे बघून त्याने ते मिटलं.

हजार मीटर. तेराशे. पंधराशे नव्वद. सगळं जुन्या मापांबरहुकूम. सोळाशेला दिशा डावीकडे सरकली. सोळाशे दहाला आणखी. तीस मीटरांत आठ अंश!

"आठ," मोजणीवाली पुटपुटली. "तीनच्या जागी आठ."

सोळाशे साठला यंत्र तुटक्या पाइपाच्या डोक्यावर टेकलं आणि थांबलं. तिथे विहीर डावीकडून पुन्हा उजवीकडे वळायला लागली होती.

"म्हणजे काय झालं?" बहिणीने विचारलं. "मला समजेल असं सांगा."

"समजा, तुम्ही रस्त्याने पूर्वेकडे तोंड करून चाललाय," बाई म्हणाल्या. "एका दिव्याच्या खांबापाशी तुमचं तोंड पूर्वेला, पुढच्या खांबापाशीही पूर्वेला. ज्याने फक्त खांबांपाशी बघितलं तो म्हणणार, बाई सरळ गेली. पण मधे खड्डा होता आणि तुम्ही त्याला वळसा घातलात. डावीकडे गेलात, मग तोंड परत सरळ केलंत. हिशेब दोन टोकं विचारतो. दोन्ही टोकांना तोंड एकाच दिशेला, म्हणून वळण शून्य."

"आणि खड्डा कसला होता?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या. चेहरा घट्ट होत गेला. फोन ठेवून त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी कुंपणापलीकडल्या कामगारांच्या खोल्यांकडे बघितलं. दोरीवर कपडे वाळत होते. एक म्हातारा दारात बसून दाढी करत होता.

"फार वर्षांपूर्वी या खोल्यांच्या जागी गॅसची विहीर होती," त्या म्हणाल्या. "तीही तिरपीच खोदलेली. नंतर तोंड बुजवून जमीन सारखी केली. लोखंडी नळ खाली तसाच राहिला. आणि आत गॅस आहे."

६

मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळे जमले. या वेळी चहा नव्हता. दारापाशी बाईंनी बोलावलेला पोलीस अधिकारी उभा होता.

"जुनी विहीर आपल्या वाटेत आडवी आली," बाईंनी सुरुवात केली. "हे वाट आखणाऱ्याच्या आधीच लक्षात आलं होतं. अशा वेळी नियम एकच आहे. काम थांबवा, खात्याला कळवा, वरच्या खोल्या रिकाम्या करा. ते केलं असतं तर वाट आखणाऱ्याची चूक उघडी पडली असती. म्हणून विहीर आठ मीटर बाजूने चोरून नेली, आणि मधली मापं पुसली. आता प्रश्न असा, की खुर्चीवर कोण होतं."

"मी नव्हतो!" मॅनेजर ओरडला.

"माहीत आहे. तुम्हाला ते जमलंच नसतं." मॅनेजरला हायसं वाटावं की अपमान, हे कळेना. "आठ अंश डावीकडे नेऊन नेमके आठ अंश परत आणायचे, असे, की दोन्ही टोकांची दिशा अर्ध्या अंशाचाही फरक न पडता जुळावी. हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. या रिगवर असा हात दोघांचाच. एक वाकडेमास्तर."

"ते दोन दिवस माझा भाऊ इस्पितळात होता," बहीण म्हणाली. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खाटेशेजारी बसून होता. अख्ख्या वॉर्डाने बघितलंय."

"आणि दुसरा, त्याला शिकवणारा." बाई गुरुजींकडे वळल्या. "मॅनेजर बॅटरी म्हणाले. मोजणीवाली बॅटरी म्हणाली. तुम्ही एकटे लोखंड म्हणालात. जुन्या विहिरीचं नाव तोवर इथे कोणीच काढलेलं नव्हतं. लोखंड आहे हे ज्याला आधी माहीत होतं, त्यालाच ते कारण सुचलं. आणि आणखी एक, गुरुजी. लोखंडाने फक्त कंपास भुलतो. विहीर किती तिरपी आहे ते ओळंब्यासारखं वजनावर मोजतात, त्याला लोखंडाचं काही सोयरसुतक नाही. खोटी दिशा टाळायची होती, तर तिरपेपणाचं खरं माप का पुसलंत?"

गुरुजींनी चष्म्याची साखळी सारखी केली. बोलली ती मोजणीवाली. ती उभी राहिली.

"तेच होते खुर्चीवर. मला म्हणाले, पूस बाळ, नाहीतर ही चूक तुझ्या यंत्राची ठरेल. मी पुसलं. मास्तर परत आले आणि मला विचारत होते, इथे माप का नाही गं? मी त्यांनाही बॅटरीच सांगितलं. मग ते गुरुजींच्या दारात गेले, तर गुरुजी म्हणाले, सरळच आहे."

गुरुजींनी चष्मा काढला. मऊ आवाज मऊच राहिला.

"वळसा घातला नसता तर त्या नळावर आदळलो असतो. नवी वाट आखायला कंपनीने वेळच दिला नसता. खरं तर मी लोकांना वाचवलं."

तेव्हा बाईंचा तोल सुटला. खात्यातल्या कोणी त्यांना असं बघितलं नव्हतं. त्यांनी टेबलावर असा हात आपटला की खिडकीची काच वाजली.

"वळण घेतलंत म्हणून कोण दोष देतंय तुम्हाला? वळण आहे हे सांगितलं का नाहीत? मास्तरला एवढंच सांगितलं असतं, की बाबा, सोळाशेवर आठ अंशांचं वळण आहे, तर त्याने तिथून पाइप एक दिवस फिरू दिला नसता! तो विचारत होता. तुमच्याच दारात येऊन विचारत होता, इथे अडतंय कशाला म्हणून. तुम्ही त्याच्या तोंडावर सांगितलंत, सरळ आहे. आणि तो मेल्यावर, दोन टोकांमधे वळण लपवता येतं ही स्वतःची युक्ती, तुम्ही त्याच्या नावावर खपवलीत. आणि वर पुढच्या महिन्यात त्याच जमिनीत दुसरी विहीर? वर माणसं दाढ्या करत बसली असताना?"

गुरुजींनी पहिल्यांदा मान खाली घातली. बहीण त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी जेवला होतात तुम्ही." आणि बाहेर निघून गेली.

७

दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या, रिगला सील लागलं. गुरुजींना आणि मॅनेजरला पोलिसांच्या गाडीतून नेलं. उघड सुनावणी पुढच्या आठवड्यात ठरली. तपासनीस बाईंचं काम खरं तर संपलं होतं, पण त्या बहिणीबरोबर तिच्या घरी गेल्या.

दोन खोल्यांचं घर. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. मुलगी म्हणाली, "आई, चौकशीवाल्या बाई आल्यात. त्याची चूक नव्हती, सिद्ध झालं."

आई वळली नाही. "माझी होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, तू असल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही. म्हणून तो रजा टाकून आला. इथे आला नसता तर तिकडे त्याचं लक्ष राहिलं असतं. कंपनीतला माणूस भेटायला आला होता ना, तोही म्हणाला, त्याचं चित्त आईपाशी होतं."

बाई खाली, पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या.

"आजी, तुमच्यामुळे नाही हे झालं. त्यांनी पोलिसांपुढे कबूल केलंय, ते त्याच्या रजेची वाटच बघत होते. तो तिथे असता तर त्याने हे करूच दिलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तो नसताना केलं."

म्हातारी हळूहळू वळली. उघड्या डोळ्यात पाणी नव्हतं. तिथे जे होतं ते बघून बाईंनाही अंग चोरावंसं वाटलं.

"वाट बघत होते?"

"हो."

"आणि मी इतके दिवस स्वतःला शिव्या देत भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी बसवलं मला." तिने पाय पलंगाखाली सोडले आणि चपला चाचपल्या. "ती सुनावणी का काय, कधी आहे?"

"आई, डॉक्टरांनी बाहेर जायचं नाही सांगितलंय," मुलगी म्हणाली.

"डॉक्टरला मी बघते. मला पुढच्या बाकावर जागा धर. अगदी पुढच्या. एका डोळ्याने दिसतं तेवढं पुरे, पण त्या माणसाला मी दिसले पाहिजे."